कारंजेभाऊंची फुगडी

लग्नाच्या मांडवात सगळ्यांच्या नजरा नवरा-नवरीकडे लागलेल्या असत, तेव्हा आमच्या कारंजेभाऊंची नजर हात धुवायच्या नळावर असे. नळाखाली अंगठा धरून ते पाण्याची धार कुठवर उडते ते बघत. मागे खरकट्या हातांची रांग ताटकळलेली, शेजारच्या बाईची ठेवणीतली साडी भिजलेली, आणि हे गृहस्थ मान डोलावत म्हणत, "जोर हाय, पन वळण नाय." एकदा तर खुद्द नवरीच्या मामाच्या अंगावर धार गेली. मामा चिडले, तर भाऊ त्यांनाच म्हणाले, "जरा तिथंच उबं राहा, किती लांब गेली ते मोजतो." हे आठवलं की मला अजून हसू येतं, आणि हसून झालं की जीव हळहळतो.

त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं. पण भिवपुरीच्या वीजघराच्या कॉलनीत पोस्टमनसुद्धा त्यांना कारंजेभाऊ म्हणायचा. आमची दोन बिऱ्हाडं एका भिंतीची. माझे यजमान आणि भाऊ वीजघरात एकाच पाळीला असायचे. भाऊ मूळचे खालापूरकडचे, भातशेतीच्या घरातले. कुणी विचारलंच की हे कारंज्याचं खूळ कुठून आलं, तर म्हणायचे, "डोंगरावरनं एवढं पाणी धडधडा येतं, चाकं फिरवतं नि मुकाट निघून जातं. त्याला कुनी 'जरा खेळ रं' म्हनत नाय."

क्वार्टर्सच्या मागे, त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, सिमेंटचा एक गोल हौद कोरडा पडलेला होता. भाऊंनी तो ताब्यात घेतला. साजगावच्या बाजूला भंगारवाल्यांकडे कारखान्यांतून निघालेले, विजेवर उघडझाप करणारे व्हॉल्व्ह मिळायचे; ते त्यांनी एकेक करून जमवले. तांब्याच्या नळ्या ठोकून त्यांची तोंडं केली. पंप आणला, रंगीत दिव्यांना डालड्याच्या डब्यांची टोपणं बसवली. घरातली भांडीही सुटली नाहीत. वहिनी पिठलं ढवळायला डाव शोधत असायच्या आणि तो डाव हौदात चुना कालवत असायचा.

पण साधं उडणारं कारंजं भाऊंना नको होतं. ते तर बागेत कुठंही असतं, म्हणायचे. त्यांना पाण्याला नाचवायचं होतं. कुठली धार कधी उठेल, कधी बसेल, कुणाच्या मागून कोण येईल, हे सगळं एका कंट्रोलरनं ठरवायचं. ऐंशीच्या दशकाची ती अखेर होती. कॉम्प्युटर आम्ही फक्त पेपरात पाहिलेला. भाऊ मुंबईला जाऊन त्या कंट्रोलरची चिप घेऊन आले. काळी, चपटी, दोन्ही अंगांना पायच पाय, आणि मधोमध काचेची बारीक खिडकी. मी म्हटलं, "भाऊ, ही तर घोण आहे." ते म्हणाले, "घोणच हाय, पन अक्कलवाली."

नाच मात्र त्यांच्याकडे नव्हता. तो वहिनींकडे होता. गौरीच्या दिवसांत वहिनी फुगडी घालायला उभ्या राहिल्या की बाकीच्या बायका आपोआप कडेला सरायच्या. जाडजूड बाई, पण पाय असे पडायचे की खालची फरशी वाजायची. भाऊंनी ठरवलं, पाण्यानं हीच फुगडी घालायची. मग दोन महिने रोज दुपारी भिंतीपलीकडून ताटली वाजायची. वहिनी उलथन्यानं ताल द्यायच्या आणि भाऊ घड्याळ समोर ठेवून तो आकड्यांत उतरवायचे. मध्येच ओरडायचे, "अगं, दम धर! पाण्याला तुझ्यावानी पळता येत नाय." वहिनी म्हणायच्या, "मग त्याला म्हनावं, माझ्यावानी जेव." दोघं खो खो हसायची. लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या जोडप्याचं असं हसणं मी तरी दुसऱ्या कुठल्या घरातून ऐकलेलं नाही.

मुंबईत तंत्रशाळेत त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ होते. त्यांच्याकडून भाऊंनी तो सगळा ताल चिपमध्ये भरून आणला. आत भरलेलं प्रखर उजेडानं पुसलं जातं, म्हणून काचेच्या खिडकीवर काळी चिकटपट्टी लावली. ही पट्टी कशासाठी, हे त्यांनी मला सांगितलं, माझ्या यजमानांना सांगितलं, पेपरवाल्याला थांबवून सांगितलं. वहिनींना सांगायची त्यांना गरज वाटली नाही. एकदा रात्रपाळीहून येताना घाईघाईत कारंजं चालवून पाहिलं, झकास चाललं, आणि मग चिप काढून डब्यात घालून फळीवर ठेवून दिली. कोजागिरीला सगळ्यांसमोरच लावायची, असा पण केला. वहिनींनासुद्धा दाखवलं नाही. "तू सगळ्यांत पुढं बस नि तवाच बघ," म्हणाले.

आमच्या बाजूला पाऊस संपला की घरातलं सगळं सादळलेलं असतं. डाळी, गाद्या, काडेपेट्या, पोरांची पुस्तकं, सगळ्याला बुरा. आश्विनातलं ऊन पडलं की बाई म्हणून जी असेल ती घर उचलून अंगणात आणते. त्यात भाऊ सगळा पावसाळा कारंजं जोडताना एकच कुरकुर करत होते, "सादळलंय सगळं, म्हनून चालत नाय." वहिनींनी ते लक्षात ठेवलं होतं. खंडेनवमीला त्यांनी भाऊंच्या पक्कड-पान्यांबरोबर चिपही पाटावर मांडली. तिच्या डोळ्यावरची पट्टी सोडवली. पूजेला बसवायची ती डोळे बांधून कशी बसवायची? हळदकुंकू वाहिलं, मऊ फडक्यानं पुसलं. आणि दुसऱ्या दिवसापासून धण्या-मिरच्यांच्या शेजारी एका सुपात ठेवून तिला रोज ऊन दाखवलं, संध्याकाळी परत डब्यात. दसऱ्याला बरीच मंडळी रजेवर होती, भाऊंना दुप्पट पाळ्या पडलेल्या. त्यांनी डबा उघडून पाहिलाच नाही. मीही माझ्या गाद्या टाकायला अंगणात जात होते, पण सुपात मिरच्यांपलीकडे काय आहे ते मला दिसलं नाही.

कोजागिरीला सगळी कॉलनी हौदाभोवती जमली. साहेबमंडळी खुर्च्यांवर, आम्ही सतरंजीवर. वहिनी पुढे, नव्या हिरव्या लुगड्यात, दुधाचं पातेलं शेजारी घेऊन. भाऊंनी अंधारातच चाचपून चिप बसवली, पंप चालू केला. एक धार वेडीवाकडी उडाली आणि साहेबांच्या चष्म्यावर पडली. दुसरी उठलीच नाही. बाकीच्या नुसत्या उचक्या देत राहिल्या. पोरं हसायला लागली. भाऊ खाली वाकले, त्यांनी चिपवर बॅटरी मारली, आणि ताडकन सरळ झाले.

"पट्टी कुनी काढली?"

"मीच काढली की," वहिनी कौतुकानं म्हणाल्या. "पूजा केली, नि चांगलं कडकडीत ऊन दाखवलं रोज. तुमीच म्हनत होता ना, सादळलंय म्हनून?"

भाऊ त्यांच्या अंगावर खेकसले. "तुला कुनी सांगितला होता हात लावाया? तुझी अक्कल चुलीपुरती हाय, चुलीतच घाल! फुगड्या घालायच्या लायकीची तू!"

सगळ्या कॉलनीसमोर. ज्या फुगडीसाठी त्यांनी दोन महिने तिच्या ताटलीपुढे कान लावला होता, तीच त्यांनी शिवी करून तिच्या तोंडावर मारली. वहिनींनी सगळ्यांना दूध वाटलं, साहेबांच्या पेल्यात चारोळी जास्त घातली, रिकामं पातेलं उचललं आणि घरात गेल्या.

नुकसान म्हणावं तर काय होतं? भाऊ पुढच्या सुट्टीला मुंबईला गेले, त्या गृहस्थांकडून चिप पुन्हा भरून घेतली, चहा प्यायले आणि परत आले. त्या रविवारी कारंजं लागलं आणि काय सांगू, पाण्यानं खरोखर फुगडी घातली. दोन धारा एकमेकींसमोर यायच्या, खाली बसायच्या, उसळायच्या, बाकीच्या भोवती फेर धरायच्या. मी तर ओळखलंच, हे वहिनींचे पाय. दर रविवारी संध्याकाळी ते चालायचं. नेरळहून, शेलूहून लोक पोरंबाळं घेऊन यायचे. वहिनी मात्र कधी बाहेर आल्या नाहीत. हौदासमोरची स्वयंपाकघराची खिडकी पंप सुरू व्हायच्या आधीच आतून लागलेली असे.

घरात भांडण नव्हतं. डबा वेळेवर, चहा वेळेवर. फक्त भिंतीपलीकडचं हसू थांबलं. भाऊंनी पुढे झिम्म्याचा ताल बसवायचा म्हणून नळ्या आणून ठेवल्या होत्या. त्या तशाच काळ्या पडल्या. एकदा मी न राहवून म्हटलं, "भाऊ, वहिनींना बोलवा ना." हौदाच्या काठावर बसून ते नळीचं तोंड पुसत होते. म्हणाले, "कुठल्या तोंडानं बोलवू? मी बोललो ते समद्यांनी ऐकलंय. तिचा राग उतरंल तवा ती आपनहून येईल." मी ते वहिनींपर्यंत पोचवलं नाही. नवरा-बायकोच्या मध्ये तिसऱ्यानं पडू नये, असंच आम्हाला शिकवलेलं. आज वाटतं, ते शिकवणारे काही फार शहाणे नव्हते.

वाट बघता बघता भाऊ निवृत्त झाले. क्वार्टर सोडायच्या आदल्या रविवारी त्यांनी पुष्कळ वेळ कारंजं चालू ठेवलं. लोक कंटाळून उठून गेले तरी बंद करेनात. मग स्वतःच्या हातानं सगळं सोडवलं आणि टेंपोत घातलं. गावाला गेल्यावर ते खोक्यांतून कधी बाहेर निघालं नाही. दोन-तीन वर्षांत भाऊ गेले.

बाराव्यानंतर मी वहिनींना भेटायला गेले. खालापूरहून आत थोडं चालत जावं लागतं. ओटीवर बसलो, इकडचं तिकडचं बोललो. मग मी भाऊंचं ते बोलणं त्यांना सांगितलं. कुठल्या तोंडानं बोलवू, म्हणाले होते ते.

"मला वाटायचं, माझं तोंड त्यांना नको हाय तिथं," त्या म्हणाल्या. "समद्या मुलखाला बोलवलं गं त्यांनी. मला तेवढं 'चल' म्हनाले नाय."

"म्हणाले असते तर गेला असतात, वहिनी?"

"तर! दर रविवारी ते पंपाकडं गेले का मी हिरवं लुगडं नेसून, खिडकी लावून आत बसायची. म्हनायची, आज हाक मारतील."