ओला फळा

कॉलेजात असताना मी महाल वस्तीतल्या घरून सायकलने स्टेशनावर जायचो, भिवापूरच्या छोट्या गाडीने येणाऱ्या ताईला आणायला. गाड्यांच्या वेळा फळ्यावर लिहिणारा तिथला म्हातारा ओल्या फडक्याने फळा पुसायचा, सुकू द्यायचा आणि पुन्हा पुसायचा.

एकदा मी वैतागलो. "काका, लिहा ना लवकर!"

"ओला फळा साफच दिसते गा. सुकला का कालचे आकडे वर येते. हे काम भेटायच्या आधी एकदा मी थेच कालचे आकडे वाचले, गाडी लेट समजून घरी गेलो. माही पोरगी गाडीतून उतरून इथं एकटीच रडत बसली होती."

आता मोबाइलवर गाडीची कालचीच वेळ दिसत राहिली, की माझा मुलगा पान नव्याने उघडून ती पुसून देतो. ताई येणार असली, की मी मात्र तासभर आधीच स्टेशनावर जाऊन उभा राहतो.