मामूची ताजी चकती

आमच्या वणीत मामूच्या दुकानात तयार सिनेमा कधी मिळालाच नाही. पाटी सिनेमांची, गिऱ्हाईक सिनेमांचं, आणि फळीवर बघावं तर एकही सिनेमा नाही. सीडीच्या कोऱ्या चकत्यांचा एक गठ्ठा, एक म्हातारा व्हीसीआर, एक संगणक आणि मागच्या भिंतीला छतापर्यंत रचलेल्या व्हिडिओ कॅसेटी. कुणीतरी येऊन सांगायचं, मग मामू कॅसेट काढणार, ती संगणकात उतरवून घेणार आणि एकच चकती करून देणार. दुसरी कुणी मागितली तर पुन्हा पहिल्यापासून. या कामाला तो ‘भाजणे’ म्हणायचा. “शिळं आपल्याकडं भेटत नाही, सर. सांगा, भाजतो, घेऊन जा. भाकर कशी, गरम खाल्ली तं पचते.”

मी कॉलेजात मराठी शिकवायचो, त्यामुळे मला हा शब्द खटकणं भागच होतं. मी त्याला ‘मुद्रित करतो’ असं म्हणायला शिकवलं. मामू गुणी माणूस, त्यानं लगेच म्हणायला सुरुवात केली. आठवडाभरात लोक त्याच्याकडे लग्नपत्रिका छापायला येऊ लागले. मग मीच जाऊन त्याला ‘भाजणे’ परत बहाल केलं.

सिनेमाचं नाव घेऊन मामूकडे कुणी जात नसे. नाव कुणाला माहीत असतं? “ज्याच्यात सासू विहिरीत पडते तो द्या.” “त्या जुळ्या भावांचा, एक तोतरा बोलते तो.” कोळशाच्या ट्रकवरचे ड्रायव्हर तर चालीवर यायचे. एकजण दारात उभा राहून नुसतं गुणगुणायचा आणि मामू मान डोलावून कॅसेट काढायचा. काढलेली कॅसेट पुष्कळदा भलतीच असे, पण ती बघून ड्रायव्हर खूश व्हायचा आणि हाच तो म्हणायचा. मी मात्र सिनेमाचं नाव, दिग्दर्शक, छायालेखक असं सगळं कागदावर लिहून न्यायचो. मामू कागद आदरानं घ्यायचा, वाचायचा नाही आणि म्हणायचा, “ते ठीक हाये सर, पन त्याच्यात होते काय?”

ऑर्डर घेतल्यावर तो एक प्रश्न हमखास विचारायचा. “घरी कोन कोन पाहाते?” माणूस सांगायचा, बायको, पोरं, म्हातारी, नवीन लग्न झालेली पोरगी माहेरी आली आहे. मामू सगळं ऐकून घ्यायचा, कुणाची तब्येत कशी आहे विचारायचा आणि “परवा या” म्हणायचा. आमच्या गावात हा प्रश्न कुणाला जास्तीचा वाटला नाही. लोकांना वाटायचं, मामू प्रेमळ आहे. मला वाटायचं, मामू चौकस आहे. त्या प्रश्नाचा चकतीशी काही संबंध असेल असं मला कधी सुचलंच नाही, आणि मी तर सुचण्याचाच पगार घेत होतो.

वणीत चकतीचा मोठा वैरी म्हणजे कोळशाची धूळ. दार बंद करा, खिडकी बंद करा, ती यायचीच. मामू प्रत्येक चकती मामीच्या जुन्या ओढणीच्या तुकड्यानं पुसून द्यायचा. मधून बाहेर, सरळ. गोल फिरवून पुसली की त्याला राग यायचा. मी एकदा त्याच्यासमोर शर्टाच्या टोकानं चकती पुसली, तेव्हा त्यानं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि बराच वेळ माझ्याशी बोलला नाही. मामीला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. ओढण्या मात्र त्यानं सांभाळून ठेवल्या होत्या, आणि फक्त याच कामाला काढायचा.

आता माझ्या घरचं सांगायला हवं. माझा धाकटा भाऊ विनू वडिलांशी भांडून सुरतेला निघून गेला, तो बरीच वर्षं आला नाही. वडील आजारी पडले तेव्हा त्याला निरोप गेला आणि तो निघाला. वडील दाराकडे डोळे लावून होते. विनू नागपूरच्या पुढे, वणीच्या गाडीत असताना वडील गेले. आईनं त्याबद्दल विनूला एका शब्दानं विचारलं नाही, आणि तो मात्र दर सणाला येऊन दारातच थबकतो.

त्याच वर्षी आईनं मला पहिल्यांदा एक सिनेमा आणायला सांगितला. “ज्याच्यात म्हातारा कंदील घेऊन पोराची वाट पाहाते, तो.” कृष्णधवल, तिच्या तरुणपणातला. कुठेच मिळत नव्हता, फोनवर नाही की मोठ्या शहरातल्या दुकानात नाही. मामूकडे कॅसेट निघाली. त्यानं विचारलं, “घरी कोन कोन पाहाते?” मी म्हटलं, “आई आणि मी.” मामूनं माझ्याकडे जरा बघितलं आणि परवा या म्हणाला. यायला सांगितलं परवा, दिली मात्र पुढच्या आठवड्यात.

सिनेमा अप्रतिम होता. पोरगा भांडून शहरात जातो, म्हातारा रोज संध्याकाळी उंबऱ्यात कंदील घेऊन बसतो. शेवटी पोरगा एस्टीतून उतरतो, शेताच्या बांधावरून पळत सुटतो, लांब अंधारात कंदिलाचा ठिपका दिसतो आणि पडद्यावर येतं, ‘समाप्त’. भेट झालेली दाखवतच नाहीत. आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, “पोचला बाबू.” आणि त्यानंतर दर महिना-पंधरा दिवसांनी ती चकती आमच्या घरी लागू लागली.

मी तर भारावून गेलो होतो. इतक्या जुन्या काळात इतका आधुनिक शेवट. मी त्याच्यावर लेख लिहिला, तो कुणी छापला नाही. मग यवतमाळच्या सिनेमाप्रेमी मंडळींनी एकदा मला भाषणाला बोलावलं, तेव्हा मी हाच विषय घेतला: ‘खुला शेवट आणि प्रेक्षकाचं स्वातंत्र्य’. भेट न दाखवण्यात केवढं धाडस आहे, यावर मी घाम फुटेपर्यंत बोललो. टाळ्या व्हायच्या आधी पाठीमागच्या रांगेतल्या एक आजीबाई उठल्या आणि म्हणाल्या, “सर, म्हातारा मरते नं.”

मी दयेनं हसलो. म्हटलं, “आजी, तो तुमच्या मनात मरतो. हेच तर खुल्या शेवटाचं यश आहे.”

“मनात नाही, उंबऱ्यात मरते,” त्या म्हणाल्या. “पोरगा अंगनात येते, अन् म्हाताऱ्याच्या हातातून कंदील पडते. आमी सगळ्या बाया रडत घरी गेलतो.”

आणखी दोन-तीन म्हाताऱ्या माना हलू लागल्या. मी तरीही माघार घेतली नाही. स्मरणशक्ती कलाकृतीचं पुनर्लेखन कसं करते, यावर मी आणखी बोललो. सभागृह पोट धरून हसत होतं, आणि काही वेळ मला वाटलं की ते माझ्या विनोदबुद्धीला हसत आहेत. वणीच्या गाडीत बसल्यावर कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

दुसऱ्या दिवशी मी मामूच्या दुकानात जाऊन भांडलो. तो शांतपणे चकती पुसत होता. म्हणाला, “हो, मीच कापला. ‘समाप्त’ची पाटी मागून काढून पुढं चिटकवली. जोड दिसला का तुमाले?”

“पण का कापला?”

“काहून म्हंजे? तुमच्या घरी बाबाजी गेलते. विनूभाऊ रस्त्यावरच होते. अन् पिक्चरमंदी बी डिट्टो तसंच. मायनं हे पाह्यलं असतं तं झोपली असती का?” मग त्यानं एक जुनी गोष्ट सांगितली. फार पूर्वी, कॅसेटी भाड्यानं द्यायचा तेव्हा, पोर गेलेल्या एका बाईला त्यानं नकळत पोर मरायचा सिनेमा दिला होता. ती कॅसेट परत द्यायला आली आणि नुसती उभी राहिली. “तवापासून मी इचारतो, सर. ज्याच्या घरी जेवढं पचते, तेवढंच वाढतो.”

म्हणजे वणीत प्रत्येक घरी सिनेमा वेगळा होता. कुणाची सासू विहिरीत पडायची, कुणाची काठावरूनच परत यायची. मी म्हटलं, “अरे, आईचं समजलं. पण मला तरी सांगायचं होतं. मी अभ्यासक माणूस.”

मामूनं मला आपादमस्तक न्याहाळलं. “तुमीच तं म्हनले, आई अन् मी. बाप तुमचा बी गेलता नं.”

सिनेमाचा जाणकार म्हणून मी ज्याच्या दुकानात वर्षानुवर्षं मिरवलो, त्यानं मला पथ्याच्या पेशंटांत धरलं होतं. आणि खरं सांगायचं तर तो सिनेमा पाहिल्यावर मलाही बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली होती.

तेव्हापासून घरात माझं एकच काम झालं. म्हातारा मरतो, हे आईला कळू द्यायचं नाही. शेजारच्या बायका जुन्या सिनेमांबद्दल बोलू लागल्या की मी मध्येच सोयाबीनचा विषय काढायचो. आईला वाटलं असावं की मी शेती घेणार आहे.

पुढे मामूचे डोळे अधू झाले आणि त्याची मुलगी त्याला अदिलाबादला घेऊन गेली. जाताना त्यानं दुकानाच्या पायरीवर बसून ओढणीचा एक तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “चकती सांभाळा. कॅसेटले बुरशी लागली, आता दुसरी भाजता येत नाही.” मी म्हटलं, जिवापाड सांभाळीन. आणि सांभाळलीही, पण कोळशाची धूळ ती कोळशाची धूळ. एक दिवस चकती मध्येच अटकली; सिनेमातले बैल पाण्यावर गेले आणि तिथेच थांबले. म्हातारा उंबऱ्यापर्यंत पोचेचना. आई रोज विचारू लागली, “दुरुस्त झाली का रे बाबू?”

नेमकी त्याच सुमाराला बातमी आली की एका कंपनीनं तो सिनेमा धुऊनपुसून साफ केला आहे. दुकानात मिळणार नव्हता. ज्याला हवा त्यानं ऑर्डर द्यायची, मग ते एक चकती काढून पाठवणार. मी मामूला फोन केला. तो फार खूश झाला. “म्हंजे आपलाच धंदा. बड्या लोकाईले आता समजला.” मग थांबून म्हणाला, “पन घरी कोन पाहाते, हे इचारते का कंपनी?”

“नाही. पिनकोड विचारते.”

“मंग पुरा मारते म्हातारा,” मामू म्हणाला. “सर, रिमोट हातात घेऊनच बसा. पोरगा बांधावर पळून राह्यला, लांब कंदील दिसला, का दाबा. जरा बी उशीर नको.”

चकती आली. मी रिमोट घेऊन बसलो. चित्र असं स्वच्छ, की म्हाताऱ्याच्या धोतराची शिवण दिसत होती. आणि इथे माझ्यातला प्राध्यापक जागा झाला. मी आईला काळ्या-पांढऱ्यातल्या छटा समजावून सांगू लागलो. प्रकाश डावीकडून का येतो, सावली लांब का पडते. डावा हात पडद्याकडे, उजव्या हातात रिमोट, तोही मुद्दा पटवण्यासाठी वर केलेला. पोरगा बांधावरून पळाला, कंदील दिसला, आणि मी अजून सावलीवरच होतो. पोरगा अंगणात आला. म्हाताऱ्याच्या हातून कंदील निसटला, घरंगळला आणि विझला.

मी बटण दाबलं, पण तोवर ‘समाप्त’ येऊन गेलं होतं. आईकडे बघायची हिंमत होईना.

“कायले घाबरून राह्यला?” आई म्हणाली. “मले मालूम हाये. लग्नाच्या आंधी आमी तंबूत पाह्यलता हा. तवा बी मेलाच होता.”

“मग इतकी वर्षं तू काही बोलली नाहीस?”

“मामूभाऊनं एवढ्या मेहनतीनं जित्ता ठेवला त्याले. म्या कायले सांगू?” ती पडद्याकडे बघत म्हणाली, “अन् पोरगा निघालाच होता नं. आपला विनू बी निघालाच होता. तेवढंच पाहाचं असते मले. बापानं नाही पाह्यलं, पन ते पोरगं पळतच होतं.” मग पदर सावरून म्हणाली, “माग घे. बसमधून उतरते तिथून लाव.”

मी मागे घेतलं. तिच्याशेजारी बसून मी रडलो, आणि तिनं मला रडू दिलं.

हे सांगायला मी अदिलाबादला फोन केला, तेव्हा मामूच्या मुलीनं उचलला. आदल्या शुक्रवारी, दुपारच्या झोपेतच अब्बा गेले, असं ती म्हणाली. मी निघालो असतो तर एका दुपारीच पोचलो असतो, इतकं ते जवळ आहे. पण मी चकतीची वाट बघत वणीतच बसलो होतो. आईला सांगितलं, तेव्हा तिनं मला मामूनं दिलेला ओढणीचा तुकडा मागितला, अटकलेली जुनी चकती त्या तुकड्यानं पुसली, मधून बाहेर, सरळ, आणि देवघराच्या फळीवर ठेवली.

आता कंपनीची चकती लागते आणि रिमोट माझ्याकडे असतो. कॉलेज सुटलं, भाषणं सुटली, एवढंच एक काम राहिलं आहे, आणि तेही मला धड जमत नाही. कधी लवकर दाबतो, पोरगा एस्टीच्या पायरीवरच राहतो. कधी उशीर होतो आणि कंदील हलायला लागतो. आई म्हणते, “मामूभाऊचा हात सफाईचा होता. शेवटी पाटी यायची. तू नुसता अंधार करते.” म्हणून हल्ली मी बटण दाबतो आणि काळ्या पडद्यासमोर, वर्गात वाचायचो तशा आवाजात, स्वतःच म्हणतो, “समाप्त.”

परवा विनू आला होता. सिनेमा लागला, आणि या वेळी मी दाबायच्या आधीच त्यानं माझ्या हातून रिमोट घेतला. बरोबर जागी दाबला. मग आईकडे न बघता मला विचारलं, “हा पोचते का रे?”

“पोचते,” आई म्हणाली.