सावलीची जागा

नंदनवन कॉलनीतले आमचे शेजारी स्कूटर सावलीतच लावतात, मग दुकानापर्यंत उन्हातून चालावं लागलं तरी चालेल. कॉलनीची सहल गेली तेव्हा जैसलमेरजवळ वाळवंटात तंबूंची जागा निवडायचं काम आम्ही त्यांच्यावरच सोपवलं. त्यांनी मोकळी वाळू पाहून ठेवली होती. "त्या झाडाखाली बरं राहील," असं मीच हळूच म्हणालो. सावली म्हटल्यावर ते विरघळले.

झाड काटेरी निघालं. सकाळी सगळ्यांच्या गाद्यांतली हवा गेलेली.

"हिवाळ्यात सावली कोणाले पाहिजे होती गा काकाजी!" मंडळी तुटून पडली.

काकाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी बुटातली वाळू झाडत राहिलो.

"चुकलंच गा माह्यं," ते हसून म्हणाले.

अजूनही कॉलनीतल्या कडुनिंबाखाली ते माझ्या गाडीपुरती जागा सोडतात. मी गाडी उन्हात लावतो.