गोड न खाणारी झुरळं

काकाच्या झुरळांच्या औषधात अर्धी साखरच असते, हे कॅन्टीनच्या मावशींना मीच सांगून बसलो. हसवायला गेलो होतो. मावशी हसल्या नाहीत. साखरेच्या डब्याचं झाकण आवळत म्हणाल्या, "तरीच मेली मरत नाहीत!"

काका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ, बाकीच्यांचा झुरळवाला. कुणाकडेही गेला की आधी सिंकखाली वाकून बघणार, मग माणसांची विचारपूस. कॅन्टीन हे त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. ते सुटलं तर दुसऱ्याच्या हाताखाली पंप घेऊन फिरायची पाळी.

माझ्या विनोदानंतर संशयाचा नुसता सुकाळ झाला. मावशींना वाटे, काका भेसळ करतो. काकाला वाटे, मावशीच औषध पुसून टाकतात. त्यांच्या भाच्याने नुकताच हाच धंदा काढला होता ना! माझा संशय मात्र दोघांनाही यायचा.

शेवटी सुटीच्या दुपारी शटर ओढून, दिवे मालवून तिघे ओट्यासमोर बसलो. बॅटरीला लाल कागद, लाल उजेड झुरळांना दिसत नाही म्हणून. मावशींची नजर काकावर, काकाची मावशींवर; झुरळांकडे बघायला उरलो मी.

झुरळं निघाली. औषधाच्या ठिपक्याला मिशा लावल्या आणि चक्क वळसा घालून पुढे गेली. कोपऱ्यात शेंगदाण्याचं कूट सांडलं होतं, त्यावर तुटून पडली. एकच पठ्ठ्या औषध चाटत थांबला. थोड्या वेळाने उताणा.

"बघा! औषध खरं आहे," काका ओरडला.

"मग बाकीच्यांचा काय उपास आहे?"

काकाने उताणं झुरळ काडीने बाजूला सारलं. "त्यांच्यात पहिल्यापासून थोडी गोड न आवडणारी असणार, मावशी. गोडखाऊ मेली, ही उरली. मग पिल्लंही यांचीच, यांच्याच वळणाची. मी दर वर्षी तीच चाळणी लावत आलो."

"म्हणजे शहाणी झाली?" मी विचारलं.

"शहाणी कसली, गाढवा! जन्माचीच खोड ती. माझ्या औषधापुढे कामाला आली, एवढंच."

मावशींनी मुद्दा अचूक उचलला. "म्हणजे ही अवलाद तुम्हीच वाढवलीत! आणि वर माझ्यावर संशय?"

 काका खालच्या आवाजात म्हणाला, "एकदा साखरेऐवजी कुटात विष कालवून बघू द्या. नाही मेली तर भाच्याला बोलवा."

"वाटीभर देते. उसनं, फुकट नाही. आणि कालवायचं माझ्या डोळ्यांसमोर."

कुटाने काम केलं. ओटा जवळजवळ साफ झाला, काकाचं गिऱ्हाईक टिकलं. भाच्याला दुसरीकडे पिटाळताना मावशी काकाला एवढंच म्हणाल्या, "आता उरलेली काय खात नाहीत, त्यावर नजर ठेवा."

उसनं कूट फेडायला मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्यांनी वाटी नाकाशी नेली, मग माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्या घरचं? नको रे बाबा."

ते अजून फिटलेलं नाही.