न्हाणीघराच्या दारावरचा कागद

विधानसभेत मंत्री उत्तर देतात तेव्हा आवाज त्यांचा असतो. वाक्य मात्र बहुतेक वेळा माझ्यासारख्या कुणाचं तरी असतं. पुण्यातल्या एका सरकारी कार्यालयात मी वरिष्ठ सहायक आहे, आणि इतकी वर्षं झाली तरी अधिवेशन जवळ आलं की दर फोनला मी दचकते. आमदारांचे प्रश्न मुंबईहून येतात, 'आजच, सायंकाळपर्यंत' असा शेरा घेऊन. उत्तराचा मसुदा आम्ही करतो. तो साहेबांकडे जातो, तिथून वर, तिथून आणखी वर, आणि एक दिवस छापील होऊन सभागृहासमोर येतो.

प्रश्नाची भाषा ठरलेली असते. अमुक अमुक झाले, 'हे खरे आहे काय?' मग 'असल्यास', मग 'नसल्यास', आणि शेवटी 'विलंबाची कारणे काय आहेत?' उत्तरंही ठरलेली. 'होय, हे खरे आहे' क्वचित. 'हे अंशतः खरे आहे' जरा धोक्याचं. 'हे खरे नाही' सगळ्यांत सोयीचं, कारण पहिल्या भागापुढे ते एकदा लिहिलं की खालच्या सगळ्या भागांना मिळून एकच ओळ पुरते: 'प्रश्न उद्भवत नाही.' विचारलं तेवढंच सांगायचं, हे मला पहिल्या आठवड्यात शिकवलं गेलं. पुढे मी ते नव्या मुलींना शिकवलं.

एवढं प्रास्ताविक करतेय कारण पुढचं सांगायची भीती वाटते.

जानेवारीत मला मुलींच्या एका शासकीय वसतिगृहाच्या तपासणीला पाठवलं. कुठलं ते लिहीत नाही. तिथल्या गृहपाल बाई माझ्याच वयाच्या, पन्नाशीच्या. हातात किल्ल्यांचा जुडगा, बोलणं तुटक. पहिल्या मजल्यावरच्या न्हाणीघराच्या दारावर वहीचा एक कागद चिकटवलेला होता. त्यावर हिरव्या स्केचपेननं लिहिलं होतं : 'नळाला आधी उलटा हात लावून बघा. मगच सोडा.'

"हे काय?" मी विचारलं.

"वाचता येतंय ना?" गृहपाल बाई म्हणाल्या. "गिझरची वायर भिंतीतून गेलीय. ओल आली की करंट नळात उतरतो. दोनदा कळवलंय. तुमच्याकडेच."

यवतमाळकडची एक मुलगी दात घासत उभी होती. चूळ भरून पुढे आली. "पाहा मॅडम, असं." ताप बघताना कपाळाला लावतो तशी बोटांची मागची बाजू तिनं नळाला टेकवली. "सरळ हातानं धरलं तं हात चिकटते, सुटत नाही. उलट्या हाताले फक्त झटका बसते. आता सवय झाली जी. घरी गेली तरी हापशाले उलटाच हात लावते मी. माय हसते."

मीही लावला. झिणझिण कोपरापर्यंत गेली. तेव्हा मला माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणू शकणार नाही.

तपासणीच्या नमुन्यात एक रकाना असतो, 'इमारत व विद्युत व्यवस्था'. तिथे मी लिहिलं, 'समाधानकारक'. दुसरं काही लिहिलं असतं तर वेगळं विवरणपत्र, वीज विभागाबरोबर संयुक्त पाहणी, फोटो, स्मरणपत्रं, हे सगळं माझ्याच मागे लागलं असतं. आणि त्या दिवशी मला चारला निघायचं होतं. सदाशिव पेठेत आईच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. पुढच्या खेपेला लिहू, असं मनाशी म्हटलं. एवढंच कारण. मोठं असतं तर बरं झालं असतं.

अर्थसंकल्पीय अधिवेशनात त्याच वसतिगृहावर तारांकित प्रश्न आला. न्हाणीघरात वीजप्रवाह उतरून मुलींच्या जिवाला धोका निर्माण झाला आहे, हे खरे आहे काय? दुरुस्तीसाठी दिलेला निधी अखर्चित राहिला, हे खरे आहे काय? असल्यास, जबाबदार कोण?

मी मसुदा केला : 'हे अंशतः खरे आहे.'

पुढचं मी आजवर सगळ्यांना एकाच पद्धतीनं सांगत आले. घरी, ऑफिसात, बहिणीला. साहेबांनी 'अंशतः' काढायला लावलं, माझा नाइलाज झाला. ते खोटं आहे. साहेबांनी मसुदा वाचला, माझा जानेवारीचा अहवाल शेजारी ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, जाऊन तुम्ही आलात, मी नाही. इथे 'समाधानकारक' आहे, इथे 'अंशतः' आहे. दोहोंतलं एक खोटं आहे. कुठलं, ते ठरवून या. घाई नाही, दहा मिनिटं आहेत."

त्यांनी दार उघडं ठेवलं होतं. मी खुर्चीत जाऊन बसले. 'अंशतः' खरं धरलं की माझा अहवाल खोटा, म्हणजे खुलासा, म्हणजे चौकशी, आणि पदोन्नतीची यादी महिन्यावर आलेली. दहा मिनिटं काही लागली नाहीत. मी कर्सर नेऊन तो शब्द खोडला आणि वाक्य 'हे खरे नाही' असं केलं. खाली लिहिलं, 'प्रश्न उद्भवत नाही.'

आणि मग मी एक फोन केला. हा फोन मला कोणीही करायला सांगितला नव्हता.

"आमदारसाहेब अचानक भेट देतील," मी गृहपाल बाईंना म्हटलं. "न्हाणीघराच्या दारावरचा तो कागद काढून टाका."

"आणि करंट?"

"त्याचं बघू."

"लेखी द्या."

"अहो, एवढ्याशा कागदासाठी लेखी कशाला?"

पलीकडे थोडा वेळ किल्ल्या वाजल्या. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे लेखी नसलेलंच जास्त असतं."

प्रश्न पुकारला गेला तो दिवस मला पाठ आहे. आम्ही मोबाइल टेबलावरच्या फायलींना टेकवून थेट प्रक्षेपण लावलं होतं. प्रश्न विचारणारे सदस्य उभे राहिले. "अध्यक्ष महोदय, उत्तर आलंय की हे खरे नाही. माझी एकच विनंती आहे. मंत्री महोदयांनी उद्या सकाळी सहाला माझ्याबरोबर यावं आणि तो नळ सोडावा. सरळ हातानं."

सभागृहात हशा पिकला. मंत्र्यांनी पान उलटलं. ती मी लिहिलेली पूरक टिपणी होती. "अध्यक्ष महोदय, तपासणी अहवालानुसार तेथील विद्युत व्यवस्था समाधानकारक आहे." माझा शब्द, माझ्याच क्रमानं, त्यांच्या तोंडून आला.

सदस्य पुन्हा उठले. "तपासणी कोणी केली? नाव सांगा."

मी टेबलाच्या कडेला हात टेकवला. पण वेळ संपत आली होती. मंत्री "माहिती पटलावर ठेवण्यात येईल" म्हणाले आणि अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला. सगळं मिळून तीन मिनिटंही झाली नसतील. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "सुटलात मॅडम! पेढे कधी?" मी हसले. हसताना लक्षात आलं, माझा उजवा हात कडेला उलटा टेकलेला होता.

एप्रिलमध्ये गृहपाल बाईंचा दुरुस्तीचा प्रस्ताव पुन्हा आला. तो घेऊन मी साहेबांकडे गेले. त्यांनी चष्मा काढला. "सभागृहात 'हे खरे नाही' गेलंय. जे खरं नाही, त्याची दुरुस्ती कशी करतात ते मला लिहून द्या. मी सही करतो."

वाट होती. उत्तर चुकलं असेल तर मंत्र्यांना सभागृहात दुरुस्तीचं निवेदन करता येतं. खालून कोणीतरी तसं कळवावं लागतं, इतकंच. खालून म्हणजे मी. मला नियम ठाऊक होता. मी प्रस्तावावर 'दप्तरी दाखल' लिहिलं आणि फाइल कपाटात ठेवली.

मे महिन्यात वसतिगृह रिकामं असतं. त्या महिन्यात मी झोपले. जुलैत मुली परत आल्या, पाऊस लागला, आणि सकाळी साडेपाचला मला आपोआप जाग येऊ लागली. आम्ही खडकीच्या क्वार्टर्समध्ये राहतो. मिस्टर दारूगोळ्याच्या कारखान्यात आहेत. ते आंघोळीला जायचे आणि बादलीत पाण्याचा आवाज सुरू झाला की मला दिसायचं, तिकडे आत्ता साठ मुली रांगेत उभ्या आहेत. एकदा चहा पिताना त्यांनी विचारलं, "हल्ली नळाला असं काय करतेस?" मी म्हटलं, गिझरचा भरवसा नाही. ते म्हणाले, "मग पाटी लाव. आमच्याकडे साध्या बादलीलासुद्धा धोक्याची पाटी असते. पाटी काढणाऱ्याला घरी पाठवतात." कागदाचं त्यांना काही माहीत नव्हतं. मी कप धुवायला उठले.

काहीतरी निमित्त काढून मी गृहपाल बाईंना फोन करायचे. पटसंख्या कळवा, भोजनाचा तक्ता पाठवा. आणि शेवटी, "बाकी सगळं ठीक ना?"

"ठीकच असणार," त्या म्हणायच्या. "तुमच्या उत्तराप्रमाणे इथे शॉक बसत नाही. मग फोन कशाला करता?"

"जुन्या मुली नव्यांना सांगत असतील ना?"

"सांगतात, आठवण राहिली तर. कागदाला आठवण ठेवावी लागत नव्हती."

कागद परत लावा, एवढंच म्हणायचं होतं. पाच-सहा फोन केले आणि एकातही ते म्हटलं नाही. परत लावा म्हटलं की काढायला लावला होता हे आलंच.

सप्टेंबरमध्ये त्यांचा फोन आला. सकाळी सव्वासातला. नंबर बघितला आणि उचलायच्या आधीच मला कळलं.

उशिरा प्रवेश मिळालेली एक मुलगी आदल्या दिवशी बाडबिस्तरा घेऊन आली होती. पहिलीच सकाळ. कॉलेजला उशीर नको म्हणून सगळ्यांच्या आधी उठली, एकटीच न्हाणीघरात गेली आणि नळ सरळ हातानं धरला. यवतमाळच्या मुलीनं ओरडणं ऐकून धावत जाऊन मेन स्विच पाडला. म्हणून ती वाचली.

दवाखान्यात मी गेले ती कार्यालयाची प्रतिनिधी म्हणून. उजवा पंजा बँडेजमध्ये, दोन बोटं हलत नव्हती. पडताना पुढचा दात तुटला होता, त्यामुळे बोलताना ती तोंडावर डावा हात धरत होती.

"मले कोणी सांगतलंच नाही जी," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. आपलंच चुकलं असावं असा सूर होता. "माहीत असतं तं नसती धरली तोटी."

पलीकडे ती दुसरी मुलगी उभी होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "पहिले कागद होता ना मॅडम दारावर. तुम्ही वाचला होता." मी पिशवीतली मोसंबी काढून ठेवू लागले. एक खाली पडलं, कॉटखाली गेलं. ते काढायला मी वाकले आणि गरजेपेक्षा जास्त वेळ वाकून राहिले.

भिंत चार दिवसांत फोडली. नवीन वायर, नवीन नळ. जे सहा महिने खरं नव्हतं त्याला चार दिवस पुरले. मग जबाबदारी निश्चित करायचं पत्र आलं आणि गृहपाल बाईंना नोटीस काढायची ठरली : धोक्याची माहिती असूनही सूचना का लावली नाही? मसुदा माझ्याकडेच आला. मी तो केला. चांगला केला, साहेबांनी एकही शब्द बदलला नाही.

बाईंचं उत्तर दोन ओळींचं होतं. 'सूचना लावलेली होती. कार्यालयाकडून दूरध्वनीवर मिळालेल्या तोंडी आदेशानुसार काढली.' माझं नाव त्यांनी घातलं नव्हतं. का, ते मला अजून कळलेलं नाही.

साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तोंडी आदेश कोणी दिला होता?" मी स्टेपलरमध्ये पिना भरत होते, त्या भरतच राहिले. "मग बाई खोटं लिहितायत," ते म्हणाले. सोमवारी सुनावणी लागली. निलंबन होणार, असं शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत सगळेच बोलत होते.

त्या मुलीसाठी मला जे करायचं होतं ते सहा महिन्यांपूर्वी करायचं होतं. आता उरल्या होत्या या बाई. शुक्रवारी दुपारी मी टिपणी लिहिली. जानेवारीत मी स्वतः नळाला हात लावला होता. 'समाधानकारक' हे खरे नव्हते. 'अंशतः' मी खोडले. कागद मी काढायला लावला, कोणाच्याही सांगण्यावरून नाही. आवक विभागात शिक्का मारून घेतला, पोच घेतली, मग साहेबांपुढे ठेवली.

त्यांनी उभ्याउभ्याच वाचली. मग पुन्हा वाचली.

"मॅडम, हे तुम्हाला कोणी विचारलंय?"

"कोणीच नाही, साहेब."

"मग?"

मी पोच घडी करून पर्समध्ये ठेवली. त्यांनी कागद फाइलला लावला आणि म्हणाले, "आवक क्रमांक पडलाय म्हणजे आता काही करता येणार नाही. ठीक आहे. जा."

जिन्यात येऊन मी गृहपाल बाईंना फोन लावला. "मी लेखी दिलंय," म्हटलं.

किल्ल्या वाजल्या, थांबल्या. "पोच घेतलीत?"

"घेतली."

"सोमवारी बरोबर आणा," त्या म्हणाल्या. "तोंडी नको."

आज रविवार. मिस्टरांना अजून सांगितलेलं नाही. पोच पर्समध्ये आहे. सकाळपासून तीनदा उघडून बघितली, शिक्का पुसट तर उमटला नाही ना म्हणून.