दहापैकी दोन

आमच्या अनूच्या तोंडापेक्षा तिच्या पायाच्या अंगठ्यांवर माझा जास्त विश्वास आहे. तोंडाला घरच्यांनी लहानपणापासून खोटं बोलायला शिकवलं, अंगठ्यांना शिकवायचं तेवढं राहून गेलं. दुखलं की तिचे दोन्ही अंगठे आत वळतात आणि बाकीची बोटं त्यांच्यावर दाबून बसतात. हे घरात फक्त मला माहीत आहे, तिच्या आईलाही नाही.

अनू म्हणजे अनुश्री, माझ्या धाकट्या भावाची, शालिग्रामची मुलगी. मी सुशीला, तिची आत्या. लग्न केलं नाही, रेल्वेच्या ऑफिसात नोकरी केली, आता रायपूरला शंकर नगरात भावाच्याच घरी वरच्या मजल्यावर राहते आणि सगळ्यांच्या मते नको तिथे बोलते.

अनू शाळेत जायलाही लागली नव्हती तेव्हाची गोष्ट. ओट्यावरून पडली आणि उजवा हात मोडला. पोरगी गप्प. जेवायला बसल्यावर डाव्या हातानं भात कालवायला लागली तेव्हा आम्हाला कळलं. मी घाबरले, तर माझा भाऊ पुढे महिनाभर गोंदियापासून नागपूरपर्यंत सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटला, "हात मोडला, पण तोंडातून ब्र काढला नाही पोट्टीनं! इतकी सोशिक आहे."

"अरे, पोरीचा हात मोडला," मी म्हटलं, "अन् तू पेढे वाटल्यासारखं काहून सांगून राहिला?"

पण तो शब्द तिला चिकटला तो चिकटलाच. सोशिक. अभ्यासात हुशार, दिसायला नीटस, स्वयंपाक येतो, असं कुणी म्हणायच्या आधी घरचे म्हणत, सोशिक आहे. एम.एस्सी. करून ती सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात लॅबमध्ये लागली. रोज संध्याकाळी काळ्या धुळीनं माखून यायची. एकदा तापलेलं भांडं मनगटावर आलं, तर आधी हातातलं काम पुरं केलं आणि मग नळाखाली हात धरला. साहेबांनी तिचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. त्या मनगटावर अजून डाग आहे.

तिच्या हनुवटीवर कॉलेजात असतानाच दहा-बारा काळे केस यायला लागले होते. डॉक्टर म्हणाले, हार्मोन्सचं आहे, पुष्कळ मुलींना असतं. माझ्याही हनुवटीवर आहेत, पण मी साठीची, माझ्याकडे कोण बघतं? अनू पार्लरमध्ये जाऊन दोऱ्यानं काढून यायची आणि विषय संपायचा. तिला स्वतःला त्याचं काही वाटत नव्हतं, हे मी मुद्दाम सांगते.

मग गावातल्याच, जुन्या तात्यापाऱ्यातलं स्थळ आलं. मुलगा श्रेयस, चांगल्या नोकरीत. घराणं जुनं, भोसल्यांच्या राज्यापासून इथलं, आणि हे त्याची आई इरावतीबाई पहिल्या चहाच्या आत दोनदा सांगून मोकळ्या झाल्या. आम्ही विदर्भातून नोकरीसाठी आलेले, म्हणजे त्यांच्या हिशेबी कालचे. साखरपुडा झाला, आणि आठवडा उलटायच्या आत इरावतीबाईंचा फोन आला. शारदानं, म्हणजे माझ्या भावजयीनं, तो उभ्यानंच, स्पीकरवर घेतला.

"बाकी सगळं पसंत आहे हो आम्हाला," त्या म्हणाल्या. "हनुवटीचं तेवढं लग्नाआधी करून घ्या. साखरपुड्याच्या व्हिडिओत दिसलं ना. आजकल लेजर होतं, कायमचं जातं. आणि बाहेर बोलू नका, आमच्यात बायका नावं ठेवतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "शारदा, त्या बाईला विचार, तिच्या पोराच्या कानावर केसांचं जंगल आहे, ते कधी कापणार?"

"ताई, तुम्ही गप बसा बरं," शारदा म्हणाली. "जमलेलं मोडाचं आहे का?"

अनूला कुणी विचारलं नाही.

शारदाला कुणी ओळखीचं भेटेल याची भीती, म्हणून अनूबरोबर मी जायचं ठरलं. रायपूर राजधानी झालं आणि जिथे सायकलचे पंक्चर काढायची टपरी होती तिथे काचेच्या दाराचं चेहऱ्याचं क्लिनिक आलं. तेलीबांध्याला तळ्यासमोरच्या इमारतीत असंच एक होतं. तिथल्या डॉक्टरबाई मात्र मला आवडल्या. त्यांनी अनूला समोर बसवून लपवाछपवी न करता सांगितलं.

दुखतं, त्या म्हणाल्या. रबर ताणून कातडीवर सोडल्यासारखं, आणि तेही पुन्हापुन्हा. हनुवटीला आणि ओठावर जास्त, कारण तिथे खाली लगेच हाड आणि वर कातडी नाजूक. आदल्या दिवशी ब्लेडनं केस काढून या, दोऱ्यानं उपटू नका, कारण मशीन मुळाला जाळतं, आणि मूळच उपटलं तर ते जाळणार काय? शिवाय केस वर राहिला तर तो कातडीवर जळतो आणि जास्त भाजतं. पाळीच्या आधीच्या दिवसांत येऊ नका, तेव्हा अंग जास्त हळवं असतं. बधिर करायचं मलम आधी लावून वर पातळ प्लॅस्टिक गुंडाळून बसायचं, मधे मधे बर्फ फिरवायचा, हवं तर थांबायचं. नंतर ऊन नको, गरम पाणी नको, आणि आठवडाभर तरी बेसन, हळद, उटणं काही नको. कोरफडीचा गर चालेल.

"और सबसे ज़रूरी," त्या म्हणाल्या, "दुखलं तर बोलायचं. आपल्या सावळ्या रंगाला मशीन जास्त झालं की भाजतं. आम्ही दहापैकी किती दुखतं ते विचारतो आणि त्यावरून मशीन कमी करतो. खोटं सांगितलं तर आम्हाला कळायचा दुसरा रस्ता नाही."

मी अनूकडे बघितलं. ती शहाण्या मुलीसारखी मान हलवत होती.

आत पिंकी नावाची मुलगी मशीन चालवायची. अनूच्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवला, हनुवटीला थंडगार जेल लावलं, आणि टक, टक सुरू झालं. केस जळल्याचा वास आला. मी तिच्या पायांशी बसले होते. पहिल्याच टकला अंगठे आत वळले.

"दीदी, दस में कितना?" पिंकीनं विचारलं.

"दो," अनू म्हणाली.

दोन! पायाची बोटं पांढरी पडली होती. पिंकीला वाटलं, सोसतंय, तिनं मशीन वाढवलं. मी ओरडले, "खोटं बोलून राहिली ती! कमी कर!"

"आत्या, तू बाहर बैठ ना," अनू म्हणाली. आवाज इतका साधा की पिंकी माझ्याकडेच विचित्र नजरेनं बघायला लागली.

परत येताना ऑटोत मी विचारलं, "काहून बोलत नाही तू? सोसायचं बक्षीस ठेवलं आहे का कुणी तिथं?"

तिनं ओढणी चेहऱ्यापासून जरा लांब धरली होती. तिचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "आत्या, मले तो आकडा तोंडातून निघतच नाही. पाच म्हणायचं ठरवते, अन् दोनच निघते."

मी ऑटोवाल्याला सावकाश, सावलीतून घ्यायला सांगितलं.

त्यानंतर मी एक युक्ती केली. पिंकीला सांगितलं, हिला विचारायचंच नाही, माझ्याकडे बघायचं, मी अंगठे बघून आकडा सांगते. पिंकी हसली, पण मान डोलावून "हव" म्हणाली. पुढच्या सगळ्या वेळा तशाच पार पडल्या. मी सहा म्हटलं की मशीन कमी, बर्फ, थोडं थांबणं. चट्टा पडला नाही, केसही विरळ झाले. शेवटच्या वेळी डॉक्टरबाई म्हणाल्या, आता लग्न होईपर्यंत पुरे, कातडीला विसावा द्या. मला वाटलं, सुटली पोरगी.

हळदीला दोन दिवस उरले असताना मी खरेदीला सदर बाजारात गेले होते. परत आले तर अनू खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली. इरावतीबाई दुपारी साडी द्यायच्या निमित्तानं येऊन गेल्या होत्या. खिडकीजवळ अनूची हनुवटी उजेडाकडे वळवून बघितली आणि म्हणाल्या, "अजून दोन-चार आहेतच की. फोटोत यायला नकोत." शारदानं लगेच अनूला रिक्षात घातलं. क्लिनिकमध्ये डॉक्टरबाई नव्हत्या. पिंकी नाही म्हणत होती, तर शारदानं तिला पटवलं की लग्न तोंडावर आहे, आमची पोरगी सोशिक आहे, करून टाक. मलम लावून बसायला वेळ नव्हता. अंगठे बघणारी मी नव्हते. पिंकीनं अनूला विचारलं, आणि अनूनं शेवटपर्यंत एकच आकडा सांगितला.

हनुवटीवर लालसर तपकिरी चट्टे उठले होते, चुलीचा चटका बसल्यासारखे. मी गार पाण्याची पट्टी ठेवली, कोरफड लावली, आणि शारदाला तोंडाला येईल ते बोलले. ती रडली. "लग्न मोडलं असतं तर तुम्ही सांभाळलं असतं का तिले?" असं विचारलं. हो म्हटलं मी. तिला ते उत्तर नको होतं.

डॉक्टरबाईंना फोन लावला. मलम सांगितलं आणि बजावलं, हळद अजिबात लावू नका.

आता आमच्यात नवऱ्या मुलाला आधी हळद लावतात आणि त्याची उरलेली, उष्टी हळद मुलीला लावतात. ती नको म्हणणं म्हणजे नवराच नको म्हणण्यासारखं. मी शारदाला म्हटलं, इरावतीबाईंना सांग, हातापायाला लावा, चेहरा सोडा. त्यांनीच तर मशीनला पाठवलं होतं, त्यांना कळेल. शारदा सांगते म्हणाली. सांगितलं की नाही, देव जाणे.

दोन्हीकडची माणसं एकाच हॉलमध्ये होती. अनू पिवळ्या साडीत पाटावर बसली, हनुवटीवर पावडरचा थर. हळद लावायचा मान सवाष्णींचा, त्यामुळे माझ्यासारखीनं मागे खुर्चीवर बसायचं. पहिल्या बायकांनी गालांना बोट टेकवलं तोवर ठीक होतं. मग इरावतीबाई स्वतः वाटी घेऊन आल्या. "आमच्या श्रेयसची उष्टी हळद आहे, नीट लागली पाहिजे," म्हणाल्या आणि सगळा तळहात अनूच्या हनुवटीवर चोळला.

अनूचे डोळे भरून वाहायला लागले. बायका हसल्या, म्हणाल्या, आत्तापासून माहेर आठवून राहिलं हिला. मी पाटाकडे बघितलं. अंगठे पार आत गेले होते.

मी उठले. "हात काढा," मी म्हटलं. "तोंड भाजलं आहे तिचं."

गाणी थांबली. इरावतीबाईंनी हात मागे घेतला आणि चेहऱ्यावर सुरकुतीही न आणता म्हणाल्या, "भाजलं? अरे बाप रे! कशानं?"

खरं सांगते, इतका सराईत खोटेपणा मी आयुष्यात बघितला नाही. सगळ्या बायका अनूकडे बघायला लागल्या. शारदा हात जोडल्यासारखी उभी होती, पोरीकडे नाही, माझ्याकडे बघून. मी अनूसमोर खाली बसले.

"अनू, तू सांग. किती दुखते? एकदा सांग, इथंच थांबवते मी सगळं."

तिनं माझ्याकडे बघितलं. ओठ उघडले. मला खरंच वाटलं, आता बोलेल.

"काही नाही गं आत्या," ती म्हणाली. "दोन."

"बघा!" इरावतीबाई म्हणाल्या. "उगाच घाबरवलंत सगळ्यांना. सोशिक आहे हो आमची सून." आणि वाटीतली उरलेली हळदही लावून टाकली. गाणी पुन्हा सुरू झाली. लग्नभर मी नातेवाइकांत विक्षिप्त आत्या म्हणून गाजले.

वर्ष होत आलं. हनुवटीवर एक डाग राहिला तो राहिलाच, आणि केसही परत आले, हार्मोन्सचे ते येणारच, डॉक्टरबाईंनी सांगितलंच होतं. अनू फोनवर नेहमी मजेत असते. फोनवर पाय दिसत नाहीत, हीच अडचण आहे. सिलतऱ्याची नोकरी सुटली, म्हणाली, जाणं-येणं लांब पडतं. मी मानलं नाही, पण मानल्यासारखं केलं.

काल दुपारी तिचा फोन आला. मागून भांड्यांचा आवाज येत होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी विचारलं, "पुन्हा जाते का गं मशीनला?"

"हव. दर महिन्याला. दुसरीकडे, यांच्या ओळखीच्यात. मलम-बिलम काही लावत नाही ते. आता श्रेयस म्हणतो, हाताचं अन् पायाचं पण करून घे. त्याच्या मम्मींना चांगलं वाटेल."

"अन् दुखते किती? दहापैकी?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला, भांडी दूर गेली.

"आठ," ती म्हणाली. मग घाईघाईनं, "आत्या, फक्त मशीनचं नाही सांगून राहिली मी. पण आईले सांगू नको."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा पोरीच्या तोंडातून खरा आकडा निघाला होता. मी तशीच जिना उतरून खाली गेले. शारदा मेथी निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, शब्द न् शब्द, आठ हा आकडाही सांगितला.

तिनं मेथीची एक काडी मोडली. दुसरी मोडली.

"पहिल्या वर्षी होतेच तसं थोडं," ती म्हणाली. "सोसून घेईल. आपली अनू पहिल्यापासून सोशिक आहे."

मी चपला घातल्या आणि तात्यापाऱ्याला जायला ऑटो थांबवली.