पन्नासवरून शून्यावर

मुलुंडच्या आमच्या घरी एकदा खिडकीचं माप घ्यायला अ‍ॅल्युमिनियमवाला आला होता. नाव विचारायचं राहूनच गेलं. सगळं मिलिमीटरमध्ये बोलायचा. "ताई, जरा सहाशे मिलिमीटर सरका," म्हणाला आणि मी खरंच अंदाजाने सरकले.

आईची थायरॉइडची गोळी पन्नास मायक्रोग्रॅमची. नव्या पाकिटावर तेच ०.०५ मिलिग्रॅम असं छापलेलं. "मला पन्नासवरून शून्यावर आणलं," म्हणत तिने चार दिवस गोळी घेतली नव्हती. माझं सोडा, डॉक्टरांचंही ऐकेना.

माप घेता घेता आमचा वाद ऐकून त्याने टेप तिच्यासमोर ओढली. "आजी, हे पन्नास मिलिमीटर. मीटरमध्ये म्हटलं तर शून्य पूर्णांक शून्य पाच. पट्टी आखडली का?"

आईने टेपला बोट लावून पाहिलं. "नाही रे."

"मग गोळी कशी आखडेल? आकडा नंतर वाचायचा. आधी त्याच्या पुढचा शब्द."

आईने गोळी गिळली. पदवी असूनही मला हे सुचलं नव्हतं. मग कौतुकाने तिने त्याची उंची विचारली.

"पंधराशे पन्नास मिलिमीटर."

तो जेमतेम माझ्या कानापर्यंत येत होता. संध्याकाळी आई शेजारच्या काकूंना सांगत होती, "पंधराशे पन्नास गं! दारातून आला कसा, देव जाणे."